घरातले निर्णय आणि मुलांचा वाटा

पुण्याच्या मार्केट यार्डातला फळे-भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो, त्यामुळे रविवारी आवक भरपूर असते. पहाटेपासून टेम्पो लागतात, गाळ्यांवर माल उतरतो, हमालांच्या पाठीवरून पोती हलतात. उजाडले की घाऊक खरेदीदारांच्या जोडीला आसपासच्या वस्त्यांतली कुटुंबेही पिशव्या घेऊन आत शिरतात. भाव बरा मिळतो, पण माल बऱ्याचदा पाच-दहा किलोंनी घ्यावा लागतो. म्हणून दोन-तीन शेजारी मिळून खरेदी करतात आणि घरी जाऊन वाटून घेतात. बरोबर मुले असतात. त्यांना झोपेतून उठवून आणलेले आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतेच.

अशाच एका रविवारी दोन कुटुंबे माझ्या पुढे चालली होती. पहिल्यातली आई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सांगत होती, "या एवढ्या पैशांत आठवड्याच्या भाज्या बसवायच्यात. पालेभाजी कुठली घ्यायची ते तू आणि ताई ठरवा." दुसऱ्या कुटुंबात वडील भाव करीत होते. त्यांच्या मुलीने काहीतरी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मध्ये बोलू नकोस. पिशवी धर नीट." दोन्ही मुलांच्या हातांतल्या पिशव्या जवळजवळ सारख्याच वजनाच्या होत्या. दोघांनाही त्या दरवाजापर्यंत न्यायच्या होत्या.

एवढ्यावरून कोणाच्या घरात ताण जास्त आणि कोणाच्या कमी, असा निष्कर्ष काढणे अवैज्ञानिक ठरेल. भाव करताना माणूस तुसडा होतोच. पण सारखे ओझे उचलणाऱ्या दोन जिवांपैकी एकाला निर्णयात वाटा असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर शरीरावर होणारा परिणाम सारखाच होतो का? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेमकेपणाने विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे शिक्षकांना व पालकांना उपयोगी पडण्यासारखी आहेत.

ताण कशाने वाढतो?

'ताण' या शब्दाचा शरीरशास्त्रातला वापर हान्स सेल्ये या शास्त्रज्ञामुळे रूढ झाला. मॉन्ट्रिअलमध्ये काम करीत असताना १९३६ साली त्यांनी असे दाखवले, की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य अशा अगदी वेगवेगळ्या आघातांना उंदरांचे शरीर पुष्कळसा सारखाच प्रतिसाद देते. आज आपल्याला या प्रतिसादाची साखळी माहीत आहे. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, पीयूषिका मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. पंधरा मिनिटांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पंधरा महिने ती चालू राहिली, तर झोप, पचन, प्रतिकारशक्ती आणि स्मरणशक्ती यांना त्याची किंमत मोजावी लागते.

पण धोका 'जाणवतो' म्हणजे काय? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. नुसते अवघड काम दिल्याने कॉर्टिसॉल फारसे वाढत नव्हते. दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त वाढे: परिस्थिती आपल्या हातात नसणे, आणि त्याच वेळी कोणीतरी आपल्याला जोखत असणे. सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी आलेला दिवस डोळ्यांसमोर आणा. गुण आता बदलता येत नाहीत, आणि जोखायला सगळे घर जमलेले असते, कधी कधी पाहुणेसुद्धा.

उंदरांचे चाक, माकडांची कळ

'हातात असणे' म्हणजे काय हे सर्वांत स्वच्छपणे जे वाइस यांच्या प्रयोगांतून दिसते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९७०च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या तिकड्या केल्या. पहिल्या उंदराच्या शेपटीला विजेचा धक्का बसे, पण समोरचे चाक फिरवून त्याला तो टाळता किंवा थांबवता येई. दुसऱ्या उंदराची शेपटी त्याच मंडलात जोडलेली होती. त्याला अगदी तेवढेच धक्के, त्याच क्षणी बसत आणि त्याच क्षणी थांबत. फरक एवढाच, की त्याच्या चाकाचा कशाशीही संबंध नव्हता. तिसऱ्याला धक्के नव्हतेच. नंतर तिघांचे जठर तपासले, तेव्हा दुसऱ्या उंदराच्या जठरात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त व्रण आढळले. विजेचा धक्का दोघांनाही एकाच मापाचा बसला होता. मार्केट यार्डातल्या त्या दोन पिशव्यांसारखाच.

वाइस यांचे आणखी एक निरीक्षण आहे. धक्क्याआधी सूचक आवाज दिला, तर धक्का टाळता येत नसला तरी व्रण कमी होत. पुढे काय होणार हे आधी कळण्यालाही स्वतंत्र किंमत आहे. याचे मोठे उदाहरण मार्केट यार्डातच आहे. हमालांची कमाई पूर्वी रोजच्या रोज, मुकादमाच्या आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर असे. डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी चळवळी केल्या. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानुसार नेमलेल्या मंडळाकडे मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांसह, अशी पद्धत आली. पाठीवरचे पोते हलके झाले नाही. पण महिन्याला हातात काय येईल याचा अंदाज बांधता येऊ लागला. ज्या घरात असा अंदाज बांधता येतो, तिथे शाळेची फी, किराणा, देणे यांबद्दल आधी बोलता तरी येते.

आता याच्या उलट गेलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाबद्दल सांगायला हवे. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर वापरावा. वाइस यांच्या आधी, १९५८ साली जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्यांवर असाच प्रयोग केला होता. एका माकडाने कळ दाबत राहिले की दोघांचेही धक्के टळत. त्यात व्रण झाले ते कळ दाबणाऱ्या, म्हणजे अधिकार असलेल्या माकडांना. या प्रयोगातल्या माकडांना 'कार्यकारी माकडे' असे नाव मिळाले, आणि मोठ्या जबाबदारीने माणसे आजारी पडतात हा समज त्यामुळे पक्का झाला. पण जोड्या लावताना ब्रेडींनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. आधीच्या चाचणीत जी माकडे भराभर कळ दाबायला शिकली, तीच त्यांनी कळीपाशी बसवली. ती मुळातच अधिक चटकन उत्तेजित होणारी असण्याची शक्यता होती. नमुन्याची निवड चुकली की निष्कर्ष कसा घसरतो याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचित सापडेल.

तरीही ब्रेडींचे निष्कर्ष केराच्या टोपलीत टाकण्यासारखे नाहीत. वाइस यांनी पुढे दाखवले, की नियंत्रण असूनही व्रण वाढू शकतात. प्राण्याला सतत, पुन्हा पुन्हा काही करावे लागत असेल आणि केल्याचा उपयोग झाला की नाही हे त्याला समजत नसेल, तर ही वेळ येते. कळ दाबणाऱ्या माकडाला धक्का टळला हे कळायचे काही साधन नव्हते. धक्का बसला नाही, एवढेच. ते आपले दाबत राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण मुलांच्या बाबतीत आपण तो नेमका विसरतो.

स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिग्मन यांची गोष्टही इथलीच. १९६७ मध्ये त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली: टाळता न येणारे धक्के सोसलेले कुत्रे पुढे टाळता येण्यासारखे धक्केही टाळत नाहीत. जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे त्याच दोघांनी आपलीच कल्पना उलटी केली. दीर्घकाळच्या त्रासापुढे हातपाय गाळणे ही जन्मजात प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती 'माझ्या करण्याने फरक पडतो' ही जाणीव. ती मेंदूच्या पुढच्या भागात घडते आणि खालच्या भागातल्या भीतीच्या केंद्रांना लगाम घालते. संशोधकाने आपला गाजलेला सिद्धान्त स्वतःच दुरुस्त करावा, हे मला त्या निष्कर्षाइतकेच मोलाचे वाटते. निष्कर्षाचा आपल्यासाठी अर्थ असा, की ही जाणीव अनुभवातून यावी लागते. ज्या मुलाने घरात कधी काही ठरवलेले नाही, त्याला ती एकदम दहावीनंतर शाखा निवडताना कुठून येणार?

पट्टी घरी पोचते तेव्हा

मार्केट यार्डातल्या गाळ्यावर माल विकला गेला की शेतकऱ्याला पट्टी मिळते. किती नग किंवा किती किलो, भाव काय, हमाली-तोलाई-मोटारभाडे वजा जाता हातात काय, हे सगळे त्या कागदावर असते. जुन्नर, पुरंदर, शिरूर अशा तालुक्यांतल्या घरांमध्ये त्या कागदावरचा शेवटचा आकडा संध्याकाळचे वातावरण ठरवतो. भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो, आधी कळत नाही, आणि गावात चारचौघांत त्यावरून त्याला जोखले जाते. वर सांगितलेल्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात.

पट्टीवरच्या आकड्याने मुलांपर्यंत पोचण्याची वाट कोणती? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८०च्या दशकात शेती कोसळली. कर्जे महाग झाली, जमिनीच्या किमती घसरल्या, कित्येकांची शेते गेली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांना जी साखळी आढळली ती अशी: पैशाची ओढाताण आईवडिलांचे मन खचवते, खचलेली माणसे एकमेकांवर करवादतात, त्यातून मुलांशी वागणे कठोर किंवा लहरी होते, आणि मुलांवरचा परिणाम प्रामुख्याने या शेवटच्या पायरीतून होतो. पैसे कमी पडले म्हणून मूल थेट कोमेजते असे नाही. घरातली माणसे एकमेकांशी जशी वागू लागतात, त्याने ते कोमेजते.

एल्डर यांनी याआधी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर पुस्तक लिहिले होते. ओकलंड शहरातली, १९२०-२१ साली जन्मलेली १६७ मुले या अभ्यासात होती. ज्या घरांची मिळकत फार घटली, तिथली मुले लहान-मोठी कामे करून पैसे आणू लागली, मुली घरकाम सांभाळू लागल्या. ही सगळी मुले मोडून पडली असती असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. आपली घराला गरज आहे आणि आपल्या करण्याने घर चालते, हा अनुभव पुष्कळांच्या पुढच्या आयुष्यात कामी आला. अर्थात म्हणून कोणी मुलांना कामाला जुंपावे असे नाही, आणि आज कायदाही ते करू देत नाही. मुद्दा 'गरज असण्याचा' आहे.

आपल्याकडचा सर्वसाधारण पवित्रा मात्र 'मुलांना काही कळू द्यायचे नाही' असा असतो. हेतू चांगला असतो. पण लपवलेले लपून राहते का? सारा वॉटर्स, वेंडी मेंडिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की आईला दुसऱ्या खोलीत ताणाचा प्रसंग सोसावा लागला, तर ती परत आल्यावर तिच्या १२ ते १४ महिन्यांच्या बाळाच्या शरीरातही तिच्या ताणाचे पडसाद उमटतात. बोलता न येणाऱ्या बाळाला कोणी काही सांगितलेले नसते. २०२० मध्ये त्यांनी ७ ते ११ वर्षांच्या मुलांबरोबर पुढचा प्रयोग केला. काही पालकांना आपला ताण मुलापासून लपवायला सांगितले, काहींना नेहमीसारखे वागायला. लपवणाऱ्या पालकांच्या घरात पालक आणि मूल दोघेही एकमेकांशी कोरडे वागले.

मुलाला ताण कळतो, फक्त कारण कळत नाही. मग ते कारण स्वतःच शोधते, आणि लहान वयात सापडणारे सर्वांत सोपे कारण म्हणजे 'माझंच काहीतरी चुकलं'. अशा वेळी "या महिन्यात भाव पडलाय, त्यामुळे आपल्याला जपून खर्च करायचा आहे. सायकल दिवाळीनंतर. बाकी कुठे वाचवता येईल ते आपण मिळून बघू" एवढी तीन-चार वाक्ये पुरतात. त्यांत कारण आहे, पुढे काय होणार याची सूचना आहे, आणि मुलाला करण्यासारखे काहीतरी आहे. वाइस यांच्या प्रयोगातला सूचक आवाज आणि चाक, दोन्ही.

निवड की वाटा?

आयोवाचा उल्लेख आलाच आहे, तर तिथलाच एक जुना अभ्यास. नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून आलेले कुर्ट लेविन, आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३८-३९ मध्ये दहा वर्षांच्या मुलांचे, प्रत्येकी पाच जणांचे छंदवर्ग काढले. काही काळ नेता हुकूमशाही पद्धतीने वागे, काही काळ मुलांबरोबर चर्चा करून ठरवी, काही काळ सगळेच मोकळे सोडून देई. हुकूमशाहीत काम होई, पण नेता खोलीबाहेर गेला की थंडावे, आणि मुले एकमेकांवर तुटून पडत किंवा मलूल बसत. चर्चेच्या पद्धतीत नेता नसतानाही काम चालू राही. मोकळे सोडलेल्या गटात फारसे काहीच होत नसे. विचारले तेव्हा २० पैकी १९ मुलांना हुकूमशाही नेत्यापेक्षा चर्चा करणारा आवडला. विसावा मुलगा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा होता! नमुना छोटा आहे, पण 'चर्चा' आणि 'मोकळे सोडणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून चांगले कळते.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे वडीलधारे ठरवतात आणि मुले सुखी असतात. हा आक्षेप उडवून लावू नये. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या ७ ते ९ वर्षांच्या मुलांना अक्षरे जुळवून शब्द करण्याचे कोडे दिले. काहींनी कोड्याचा प्रकार स्वतः निवडला, काहींसाठी परक्या बाईंनी निवडला, काहींना सांगितले की तुमच्या आईने निवडला आहे. युरोपीय वंशाच्या मुलांनी स्वतः निवडल्यावर सर्वांत जास्त कोडी सोडवली. जपानी आणि चिनी कुटुंबांतल्या मुलांनी मात्र आईने निवडले आहे असे सांगितल्यावर. परक्याने निवडले तेव्हा त्यांचाही उत्साह मावळला.

मला यातून असे दिसते, की एकट्याने निवड करणे ही सगळ्याच घरांची गरज नाही. निर्णय 'आपला' वाटणे ही आहे. आई जर आपल्यातलीच असेल, तर तिचा निर्णय परका वाटत नाही. पण आई 'आपल्यातली' राहायची तर तिने आपल्याला काय आवडते, काय जमते हे कधी तरी विचारलेले असावे लागते. आपल्या घरांना लागू पडेल असा शब्द म्हणूनच 'निवड' हा नसून 'वाटा' हा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२वे कलमही तेवढेच म्हणते: मुलाशी संबंधित गोष्टींत त्याला मत मांडू द्यावे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावे. संहिता १९८९ची, भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. अंतिम निर्णय मुलाने घ्यावा असे त्यात कुठेही नाही.

प्रत्यक्षात

आमच्या घरी आम्ही रविवारची भाजी मुलीकडे सोपवली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ठरावीक रक्कम तिच्या हातात दिली. पहिल्याच खेपेला तिने मार्केट यार्डातून टोमॅटोचे एक अख्खे क्रेट घेतले, कारण "एवढे स्वस्त परत मिळणार नाहीत". मला बोलावेसे वाटत होते, पण गप्प बसले. गुरुवारपर्यंत स्वयंपाकघरात वास सुटला, निम्मे टोमॅटो फेकले, उरलेल्यांचे सार, चटणी आणि पुन्हा सार झाले. पुढच्या रविवारी ती आधी शेजारच्या दोन घरांत विचारून आली, कोणाला किती हवे. चूक परवडण्यासारखी होती, आठवड्यात कळली, आणि दुरुस्त करायची संधी लगेच मिळाली. माकडाच्या कळीला जे नव्हते, ते टोमॅटोच्या क्रेटला होते.

मुलांकडे काय सोपवावे हे ठरवताना हाच निकष लावावा असे मी म्हणेन. पाच वर्षांच्या मुलाला "डब्यात आज पोळी-भाजी की उपमा" हे पुरे. दहाव्या वर्षी आठवड्याच्या एका खर्चाची जबाबदारी. चौदाव्या वर्षी विजेच्या बिलावरची युनिटे वाचून, मागच्या महिन्याशी ताडून, कुठे वाचवता येईल हे सुचवणे; भौतिकशास्त्राचा गृहपाठ वेगळा द्यायलाच नको. सुट्टीत कोणाकडे जायचे, दूरदर्शन संच किंवा फोन रात्री किती वाजता बंद, आजीची औषधे कोणी आणायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवण्याचे. त्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटे बसावे. भांडण चालू असताना बसू नये. पहिला विषय मुलांचा असावा. ठरलेले कोणीतरी वहीत लिहावे, शक्यतो मुलानेच, आणि पुढच्या वेळी आधी तेच वाचावे. वही नसेल तर आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही आणि मोठ्या माणसांची आठवण त्यांना सोयीची असते.

काही गोष्टी मात्र मुलांवर टाकू नयेत. कर्ज फेडता येईल की नाही, आई-बाबांपैकी कोण बरोबर, आजोबांवर शस्त्रक्रिया करावी का, हे प्रश्न मुलापुढे निर्णयासाठी ठेवणे म्हणजे त्याला ब्रेडींच्या खुर्चीत बसवणे आहे. कळ सतत दाबायची, उपयोग झाला की नाही कधीच कळायचे नाही. आई-बाबांमधले निरोप पोचवणारे मूल याच खुर्चीत बसलेले असते. त्याला माहिती जरूर द्यावी, जबाबदारी देऊ नये.

आणि खोटे विचारू नये. शाळा ठरलेली, शुल्क भरलेले, आणि मग "तुला कुठली शाळा आवडेल?" रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची शिडी मांडली, तिच्या खालच्या तीन पायऱ्या अशाच नावापुरत्या सहभागाच्या आहेत, त्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मुलांना हे फार लवकर ओळखता येते. न जोडलेले चाक फिरवायला लावण्यापेक्षा "हे आम्ही ठरवले आहे, कारण असे असे" हे सांगणे प्रामाणिक.

आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे मुलींना काम आणि मुलांना मत. ताट-पाणी घेताना मुलीला हाक जाते, फ्रिज कुठला घ्यायचा हे मुलाला विचारले जाते. ओकलंडच्या मुलींच्या वाट्यालाही घरकामच आले होते. काम वाढले आणि निर्णयातला वाटा तेवढाच राहिला, तर त्या दुसऱ्या उंदरासारखी अवस्था होते, आणि वाढत्या मुलीला 'घराला हातभार' या नावाखाली ती सोसावी लागते.

आठवी ते दहावीच्या वर्गात करून पाहण्यासारखा एक उपक्रम आहे. प्रत्येकाने आठवडाभर घरात झालेले निर्णय वहीत टिपायचे, अगदी छोटेसुद्धा. चार रकाने करायचे: विषय कोणी काढला, कोणाकोणाला विचारले, कोणी ठरवले, आणि ठरल्यावर काम कोणाला करावे लागले. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक रकान्यात कोणाचे नाव किती वेळा आले हे मोजून स्तंभालेख काढायचा. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, की चर्चेला वेगळा विषय लागत नाही. वह्या शिक्षकांनी गोळा करू नयेत आणि आकडे वर्गात वाचून दाखवायला लावू नयेत. कोणाच्या घरी काय चालले आहे हे चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार शाळेला नाही, आणि जोखले जाण्याच्या भीतीचे काय होते हे आपण वर पाहिलेच आहे. मुलांना फक्त एवढेच विचारावे, की चारांपैकी कुठल्या रकान्यात स्वतःचे नाव सर्वांत कमी वेळा आले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतला कुठला एक निर्णय ती घरी मागून घेतील.